कॉलेजला ॲडमिशन झालं, आता अल्पसंख्याक स्कॉलरशिपचं काय? पहिल्यांदा फॉर्म भरणाऱ्यांसाठी

दरवर्षी ॲडमिशनचा सीझन आला की तेच प्रश्न. "मायनॉरिटीची स्कॉलरशिप बंद झाली ना?" "आम्ही जैन आहोत, आम्हाला मिळते का?" "बौद्ध आहे, मग एससीतून भरू की मायनॉरिटीतून?" आणि सगळ्यात जास्त येणारा, "फॉर्म भरला होता, पण पैसे आलेच नाहीत." म्हणून महाराष्ट्रात कॉलेजला पहिल्यांदा जाणाऱ्या पोरापोरींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी सगळं एकदा नीट लिहून काढतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, फॉर्म भरणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, पोरं अडकतात ती कागदांत आणि बँकेत, त्यामुळे लेखाचा मोठा भाग त्यावरच आहे.

आधी हे क्लिअर करू, अल्पसंख्याक म्हणजे कोण

१९९२ च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायद्याखाली केंद्राने जाहीर केलेले सहा समाज आहेत, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन. जैन समाज या यादीत २०१४ मध्ये आला, त्यामुळे जुन्या लोकांना ते अजून माहीत नसतं आणि ते पोरांना "आपल्याला नाही मिळत" म्हणून परस्पर मोकळे होतात. महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यू समाजालाही राज्यापुरता अल्पसंख्याक दर्जा दिला. आणि अल्पसंख्याक कॉलेज वेगळं, अल्पसंख्याक विद्यार्थी वेगळा, हेही लक्षात घ्या. कॉलेजला अल्पसंख्याक दर्जा आहे म्हणून तिथल्या प्रत्येकाला स्कॉलरशिप मिळत नाही, आणि तुम्ही साध्या कॉलेजात आहात म्हणून तुमची स्कॉलरशिप जातही नाही. गुजराती, सिंधी वगैरे भाषिक अल्पसंख्याकांचा जो कोटा असतो तो ॲडमिशनचा असतो, तो या विषयात मिसळू नका.

"बंद झाली" म्हणजे नक्की काय बंद झालं

मुस्लिम समाजाच्या स्थितीवरच्या सच्चर समितीच्या अहवालानंतर, म्हणजे २००७-०८ च्या आसपास, केंद्राने तीन योजना आणल्या, प्री मॅट्रिक (दहावीपर्यंत), पोस्ट मॅट्रिक (दहावीनंतर) आणि मेरिट कम मीन्स (व्यावसायिक कोर्ससाठी). पोस्ट मॅट्रिकला घरचं उत्पन्न २ लाखांच्या आत आणि आधीच्या परीक्षेत ५० टक्के, मेरिट कम मीन्सला अडीच लाख, दोन्हींत ३० टक्के जागा मुलींसाठी. आमच्या भागातली कितीतरी पोरं या पैशांवर शिकली. पण या योजनांची मंजुरी २०२१-२२ पर्यंतचीच होती आणि त्यानंतर त्यांची गाडी अडली ती अडलीच. संशोधनासाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद केली, परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज भरणारी पढो परदेस पण त्याच सुमारास गेली. त्यात २०२३ मध्ये केंद्राच्या तपासणीत १५७२ पैकी ८३० संस्था बोगस निघाल्या आणि प्रकरण सीबीआयकडे गेलं. म्हणजे पैसे खाल्ले बोगस संस्थांनी आणि हाल झाले खरोखर शिकणाऱ्या पोरांचे, याचा राग येतो तो येतोच.

पण यावरून "सगळंच बंद" असं समजून घरी बसू नका. राज्य सरकारची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती वेगळी आहे, ती महाडीबीटी पोर्टलवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाईटवर, भरायची असते आणि महाराष्ट्रातल्या मुलांसाठी मुख्य दरवाजा आता तोच आहे. केंद्राचं नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल, ज्याला सगळे एनएसपी म्हणतात, ते पण चालू आहे, त्यावर धर्म न बघता मिळणाऱ्या योजना असतात त्या खाली सांगतो.

कुठल्या दारातून जायचं ते ठरवा

हे ठरवायला दोन तास गेले तरी चालतील पण घाईत ठरवू नका, कारण एकाच वर्षी एकाच कोर्सच्या फीसाठी दोन सरकारी योजनांचे पैसे घेता येत नाहीत. म्हणून जी तुम्हाला जास्त देते ती निवडायची, नावात "अल्पसंख्याक" आहे म्हणून तीच भरायची असं काही नाही.

महाडीबीटीवर अल्पसंख्याकांसाठीची योजना विभागाप्रमाणे वेगवेगळी दिसते, इंजिनिअरिंग, फार्मसी, पॉलिटेक्निकवाल्यांना तंत्रशिक्षण संचालनालयाखाली, बीए बीकॉम बीएस्सीवाल्यांना उच्च शिक्षण संचालनालयाखाली, मेडिकलवाल्यांना वैद्यकीय शिक्षणाखाली. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे आणि महाराष्ट्राचं डोमिसाईल लागतं. रकमेला वरची मर्यादा असते, म्हणजे प्रायव्हेट कॉलेजची फी जास्त असेल तर पूर्ण फी यातून सुटेल असं धरून चालू नका.

आता बौद्ध विद्यार्थ्यांचं बघा. १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना एससीचे सगळे हक्क लागू झाले. त्यामुळे तुमच्याकडे एससीचं जात प्रमाणपत्र असेल तर समाजकल्याणची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती बघा, तिथे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर फी आणि वर निर्वाह भत्ता मिळतो, आणि उत्पन्न त्यावर असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीची माफी, आहे. अल्पसंख्याक योजनेपेक्षा हे बहुतेक वेळा कितीतरी फायद्याचं पडतं. मायनॉरिटीत भरून नंतर कळालेली पोरं बघितली की जीव तुटतो, वर्ष गेलेलं असतं.

मुस्लिम समाजातल्या बऱ्याच बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, मोमीन, तांबोळी, बागवान, पिंजारी अशा. अनुसूचित जातीतून ख्रिश्चन झालेलेही महाराष्ट्रात ओबीसीत येतात. घरात कोणाकडे जातीचा दाखला आहे का ते आजी-आजोबांपासून, काका-मामांपासून विचारा, काकाचा दाखला निघालेला असेल तर तुमचं काम निम्मं झालं. ओबीसीतून जायचं तर जातीचा दाखला, नॉन क्रीमी लेयर (घर ठरलेल्या मर्यादेपेक्षा संपन्न नसल्याचा दाखला) आणि व्यावसायिक कोर्सला जात पडताळणी लागते, आणि पडताळणीला वेळ लागतो, म्हणून हे काम बारावीच्या वर्षातच सुरू करायला हवं.

मुलींसाठी वेगळं सांगायला पाहिजे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झालं, उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे आणि ॲडमिशन कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, पाहिजे. यात धर्माची अट नाही. मुस्लिम, जैन, ख्रिश्चन मुलगी या गटात बसत असेल तर तिने आधी हेच बघावं. मुलं ओपनची असतील तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे, ज्याला अजूनही सगळे ईबीसी म्हणतात, त्यात शिक्षण शुल्काच्या ५० टक्के मिळतं. कॉलेजच्या फी स्ट्रक्चरचा कागद समोर ठेवा, त्यात शिक्षण शुल्क किती आणि डेव्हलपमेंट फी किती ते वेगळं लिहिलेलं असतं, आणि मग हिशोब करा की अर्धं शिक्षण शुल्क जास्त होतंय की अल्पसंख्याक योजनेची रक्कम. कॅलक्युलेटरवर पाच मिनिटांचं काम आहे. मॅनेजमेंट कोट्यातून ॲडमिशन घेतलं असेल तर फीच्या बहुतेक सरकारी योजना हातातून जातात, हे डोनेशन भरायच्या आधी माहीत असलेलं बरं.

एनएसपीवर दोन बघा. बारावीला बोर्डात चांगले मार्क असतील, म्हणजे ८० पर्सेंटाईलच्या वर (बोर्डातल्या वरच्या २० टक्क्यांत), आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर सेंट्रल सेक्टर स्कीम, त्यात पदवीच्या तीन वर्षांसाठी वर्षाला १२ हजार. आणि डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या मुलींसाठी एआयसीटीईची (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती योजना, वर्षाला ५० हजार, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. एनएसपीला आधी वन टाईम रजिस्ट्रेशन करून १४ आकडी नंबर घ्यावा लागतो, तो जपून ठेवा, पुढची सगळी वर्षं तोच चालतो.

कागद, आणि कागदावरचं नाव

लागणारे कागद साधारण असे, दहावी बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, रेशन कार्ड, आधार, कॅपचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती, आणि अल्पसंख्याक असल्याचं स्वयंघोषणापत्र. शिक्षणात मध्ये खंड पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. स्वयंघोषणापत्र तुम्ही १८ च्या वर असाल तर स्वतः सही करायची, खाली असाल तर आई किंवा वडिलांनी. त्यासाठी कोणाला पैसे द्यायची गरज नाही, साध्या कागदावर होतं.

उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल थोडं जास्त बोलतो. हा दाखला आपले सरकार पोर्टलवरून स्वतः काढता येतो किंवा सेतू, महा ई-सेवा केंद्रातून. लोकसेवा हक्क कायद्याने त्याला मुदत ठरवून दिलेली आहे, साधारण १५ दिवस धरून चाला, पण जून-जुलैत तहसीलला अशी गर्दी उसळते की एप्रिल-मेमध्येच काढून ठेवलेला बरा. नोकरीवाल्यांनी फॉर्म १६ द्यायचा, बाकीच्यांना तलाठ्याचा अहवाल लागतो. दाखला कुठल्या आर्थिक वर्षाचा आहे ते फॉर्म भरताना विचारलं जातं, मागच्या वर्षीचा जुना दाखला लावला की अर्ज परत येतो. दाखल्यावरचा बारकोड नंबर पोर्टलवर टाकावा लागतो, त्यामुळे फोटो असा काढा की तो नंबर वाचता येईल. कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र किंवा सरपंचाचा दाखला इथे चालत नाही, तहसीलदाराचाच हवा. आणि दाखल्यासाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपरची सक्ती नाही, ते शुल्क माफ आहे, तहसीलच्या बाहेर कोणी ५०० चा स्टॅम्प घ्यायला सांगितलं तर आत जाऊन विचारा.

आता नाव. आपल्या पोरांचे सगळ्यात जास्त अर्ज इथे मार खातात. दहावीच्या मार्कशीटवर "मोहम्मद", आधारवर "मो.", बँकेत "मोहंमद", आणि वडिलांचं नाव एका कागदावर आडनावासकट तर दुसऱ्यावर नुसतं. मुलीच्या नावापुढे आधारवर "बी" किंवा "बानो" लागलेलं असतं, शाळेत नसतं. ख्रिश्चन घरांत बाप्तिस्म्याचं नाव एक आणि शाळेतलं एक. काही घरांत आडनावच लावत नाहीत आणि पोर्टल आडनावाशिवाय पुढे जात नाही. नियम एकच धरा, दहावीच्या मार्कशीटवर जे नाव आहे ते मूळ, बाकी सगळं त्याच्याशी जुळवायचं. आधार दुरुस्त करणं त्यातल्या त्यात सोपं, मार्कशीट घेऊन आधार केंद्रात जायचं. मार्कशीटच चुकलेली असेल तर शाळेमार्फत बोर्डाकडे जावं लागतं, ते लांबचं काम आहे पण एकदा केलं की पासपोर्टपर्यंत कामाला येतं, त्यामुळे टाळू नका. आईचं नाव पण तपासा, ते पोर्टल विचारतं आणि कुठे लग्नाआधीचं तर कुठे नंतरचं लिहिलेलं असतं.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माचा रकाना असतो तो आजच काढून बघा. तिथे काहीच लिहिलं नसेल किंवा चुकीचं लिहिलं असेल तर अर्ज तपासणाऱ्याला शंका येते आणि तो परत पाठवतो.

बँक खातं

खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर पाहिजे, पप्पांचं नाही. आधार नुसतं बँकेला "लिंक" असून भागत नाही, ते एनपीसीआयला (बँकांमधले पैसे फिरवणारी संस्था) मॅप झालेलं लागतं, यालाच आधार सीडिंग म्हणतात, कारण सरकारी पैसे खाते नंबर बघून नाही तर आधार बघून येतात. तुम्ही ज्या बँकेत शेवटचं आधार सीडिंग केलं तिथेच ते पडतात, मग फॉर्ममध्ये तुम्ही दुसऱ्या बँकेचा नंबर लिहिलेला असला तरी. बऱ्याच पोरांचे पैसे "आलेच नाहीत" म्हणतात ते खरं तर मोबाईलवरून उघडलेल्या एखाद्या विसरलेल्या खात्यात जाऊन बसलेले असतात. माय आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस बघायची सोय आहे, आधार नंबर टाकून ओटीपी टाकला की कुठली बँक आणि चालू आहे की बंद ते दिसतं. बंद दिसलं किंवा नको ती बँक दिसली तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथे जाऊन सीडिंगचा फॉर्म भरा आणि आठ-दहा दिवसांनी परत तपासा.

दुसरी भानगड, पूर्ण केवायसी न करता उघडलेली "स्मॉल" खाती. त्यात शिल्लक ५० हजारांच्या वर जाऊ शकत नाही आणि वर्षाला एकूण १ लाखच जमा होऊ शकतात, मग स्कॉलरशिपची रक्कम परत जाते. बँकेत जाऊन पूर्ण केवायसी करून घ्या. खातं वर्षभर वापरलेलं नसेल तर शंभर रुपये टाकून-काढून ते जिवंत ठेवा.

फॉर्म भरताना

पोर्टल ॲडमिशननंतर उघडतं आणि शेवटची तारीख बऱ्याचदा वाढते, पण ती वाढेल म्हणून थांबू नका, शेवटच्या आठवड्यात साईट इतकी जड होते की ओटीपी पण येत नाही. शक्यतो सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा बसा. रजिस्ट्रेशन आधार ओटीपीने करा, त्यासाठी आधारला तुमचा चालू मोबाईल नंबर जोडलेला हवा. सायबर कॅफेत भरत असाल तर मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचाच टाका, कॅफेवाल्याचा नाही, आणि युजरनेम पासवर्ड वहीत लिहून घ्या, कारण पुढच्या वर्षी तो कॅफेवाला तिथे असेलच असं नाही.

प्रोफाईलमध्ये वैयक्तिक माहिती, पत्ता, चालू कोर्स, मागचं शिक्षण, हॉस्टेल अशी पानं येतात. चालू कोर्सच्या पानावर कॅपचा ॲप्लिकेशन आयडी टाकला की सीईटी सेलकडची (प्रवेश परीक्षा घेणारं राज्याचं कार्यालय) माहिती आपोआप येते, ती नीट वाचा, कॉलेज किंवा ब्रँच चुकीची आली असेल तर पुढे जाऊ नका, कॉलेजला सांगा. मागच्या शिक्षणात दहावीपासूनचं सगळं भरायचं, एखादं वर्ष सोडलंत तर ते गॅप धरतात. हॉस्टेलला राहत असाल तर ते पान नक्की भरा, काही योजनांचा भत्ता त्यावरच ठरतो. कागद स्कॅन करताना फाईल २५६ केबीच्या आत ठेवा पण इतकी पण बारीक करू नका की अक्षरं फुटतील. मार्कशीटचा आडवातिडवा फोटो, मागे चादर दिसतेय, असले अर्ज क्लार्क लगेच परत पाठवतो आणि त्यात त्याची चूक नाही.

प्रोफाईल पूर्ण झाली की योजना दिसतात. आपली जी ठरवली तीच निवडा, सबमिट करा, अर्जाची प्रिंट काढा, अर्जाचा आयडी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

सबमिट झालं म्हणजे झालं नाही

प्रिंट आणि कागदांचा एक सेट कॉलेजच्या स्कॉलरशिप खिडकीवर नेऊन द्या, आणि पोच घ्या. अर्ज आधी कॉलेजचा क्लार्क तपासतो, मग प्राचार्य, मग विभागाचं कार्यालय. कॉलेजनेच पुढे ढकलला नाही तर तो तिथेच पडून राहतो आणि तुम्हाला वाटतं सरकारने अडवलाय. म्हणून दर आठवड्याला लॉगिन करून स्टेटस बघायचं. "अंडर स्क्रूटिनी" असेल तर थांबायचं, पण कोणाच्या टेबलावर आहे ते बघायचं. "सेंड बॅक" आलं तर घाबरायचं नाही, रिजेक्ट झालेलं नाही ते, कारण लिहिलेलं असतं, दुरुस्त करून मुदतीत परत सबमिट करायचं. ती मुदत निघून गेली की मात्र वर्ष गेलं. क्लार्कशी नीट बोला, नाव घेऊन बोला, एकट्या माणसाकडे शेकडो फायली असतात. तरी हलत नसेल तर प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि पोर्टलवरच्या तक्रारीच्या टॅबवर तक्रार टाका, तोंडी सांगितलेलं कुठे नोंद होत नाही.

फोनवर कोणी "स्कॉलरशिप मंजूर झालीय, ओटीपी सांगा" म्हटलं तर फोन ठेवा. अर्ज पास करून देतो म्हणून टक्केवारी मागणारा भेटला तर त्याला कागद सुद्धा दाखवू नका, तुमच्या आधारवर दुसरीकडेच अर्ज भरले जातात आणि मग तुमचा खरा अर्ज डुप्लिकेट म्हणून अडतो.

पैसे हप्त्यात येतात, कधी कधी वर्ष संपत आल्यावर. मंजुरीनंतर पोर्टलवर रिडीमचं बटण दिसलं तर ते दाबावं लागतं, नाहीतर रक्कम तशीच पडून राहते. खात्यात आलेल्या रकमेतला फीचा भाग कॉलेजला भरायचा असेल तर लगेच भरा आणि पावती घ्या, घरच्या अडचणीत ते पैसे खर्च झाले की परीक्षेच्या वेळी हॉल तिकीट अडतं. पुढच्या वर्षी नव्याने नाही तर रिन्यूअल भरायचं, त्याच लॉगिनमधून, नवीन मार्कशीट आणि त्या वर्षीचा उत्पन्नाचा दाखला लावून. दुसऱ्यांदा नवीन प्रोफाईल बनवू नका, दोन्ही अर्ज अडकतात.

इथून काहीच जमलं नाही तर

मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची डॉ. एपीजे अब्दुल कलाम शैक्षणिक कर्ज योजना आहे, ३ टक्के व्याजाने. कर्ज आहे, फेडायचंय, पण सावकाराच्या आणि फायनान्स कंपनीच्या व्याजापुढे ३ टक्के म्हणजे काहीच नाही. जिल्ह्याच्या ऑफिसला जाऊन विचारा, जामीनदार लागतो, त्यासाठी नात्यातल्या नोकरीवाल्या माणसाशी किंवा जमीन असलेल्या माणसाशी आधीच बोलून ठेवा, कारण ऐनवेळी कोणी सही करायला तयार होत नाही. परदेशात पदव्युत्तर शिक्षणाला जाणाऱ्यांसाठी जे. एन. टाटा एंडोमेंट आहे, १८९२ पासून चालतं, सगळ्या भारतीयांना खुलं, तेही कर्ज स्वरूपातच. आणि आपापल्या समाजाचे ट्रस्ट, जमातखाने, चर्च, जैन संघ, गुरुद्वारे, जकातीतून मदत करणाऱ्या संस्था, यांचे फॉर्म बहुतेक साधे कागदी असतात आणि वर्षातून एकदाच निघतात, तारीख तिथल्या नोटीस बोर्डावरच लागते. तिथे जाताना फीची पावती, मार्कशीट आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या दोन-दोन झेरॉक्स बरोबर ठेवा, आणि सरकारी योजनेतून काही मिळालं असेल तर ते फॉर्ममध्ये खरं खरं लिहा, म्हणजे उरलेली फी किती आहे तेवढीच मागता येते.